जमीन अंगात मुरते तेव्हा

महाराष्ट्रात निसर्गचित्रणाची परंपरा जुनी आणि दमदार आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी घाट, नदीकाठ, देवळांचे परिसर जलरंगात असे रंगवले, की ‘लँडस्केप’ म्हटलं की आजही आपल्या डोळ्यांसमोर तीच चित्रं येतात. त्यांत चित्रकार एका जागी बसलेला असतो आणि जमीन समोर असते. मांडणशिल्पाने हे अंतर मिटवलं. प्रेक्षक कलाकृतीच्या आत वावरू लागला आणि मातीचा वास, ओझ्याचं वजन, चालण्याची दमणूक हेही कलेचं सामान झालं.

आपल्याकडे माती, बियाणं, कोळसा, शेण वापरलेली मांडणशिल्पं आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांतली कसदार कोणती हे ठरवायला माझ्या मते एक कसोटी पुरेशी आहे. त्या जमिनीशी कुणाचं तरी अंग झिजलं आहे का, आणि ते झिजणं कलाकृतीत उतरलं आहे का?

अंगाने जमिनीला भिडण्याची ही वाट जुनी आहे. रिचर्ड लाँग यांनी १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या एका कुरणात, गवत दबून रेघ उमटेपर्यंत येरझाऱ्या घातल्या. आना मेंदिएता यांना १९६१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी क्यूबा सोडावा लागला. पुढे ‘सिलुएता’ या मालिकेत त्यांनी आयोवा आणि मेक्सिकोतल्या चिखलात, वाळूत, गवतात स्वतःच्या देहाचा आकार उमटवला. सुटलेली भूमी त्या अंगाने शोधत होत्या. या दोघांच्या कामात शरीर एकट्याचं आहे. भारतातल्या चांगल्या कामांत ते राबणाऱ्या अनेकांचं आहे.

प्रभाकर पाचपुते यांचं काम याची साक्ष देतं. त्यांचा जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणीत राबल्या. शिल्पकला शिकलेल्या पाचपुते यांनी कोळशालाच हत्यार केलं. दालनाच्या भिंतीवर ते थेट कोळशाने माणसं काढतात आणि पुष्कळदा त्यांच्या डोक्याच्या जागी खाणीतला दिवा किंवा एखादं अवजार असतं. कामाने माणसाचं काय होतं, हे त्या एका बदलातून कळतं. आजूबाजूची जमीन खणलेली, भगदाडं पडलेली. भिंतीवरचं असं चित्र प्रदर्शन संपलं की पुसलं जातं. खाणीने गिळलेल्या शिवारालाही हेच भोगावं लागतं. तंत्र आणि आशय इतके एकजीव झालेले क्वचित दिसतात. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेच्या मुख्य प्रदर्शनात त्यांचं काम होतं.

नवजोत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये, कोंडागाव परिसरात, राजकुमार कोर्राम, शांतीबाई अशा आदिवासी कलावंतांसोबत वेगळी वाट काढली. त्यांच्या ‘नलपर’ या कामात हातपंपाभोवतीची जागा नव्याने घडवली गेली. भरलेलं भांडं जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना बाईच्या कमरेवर आणि मानेवर ताण येतो. म्हणून भांडं मध्येच टेकवता येईल अशी सोय तिथल्या बांधकामात केली. इथे बाईच्या कमरेचं दुखणं हाच रचनेचा आधार आहे. शिल्प पाहायला कुणी मुद्दाम येत नाही, पाणी भरायला येतात, आणि त्यातच त्याचं मोल आहे.

ओडिशातला जमिनीसाठीचा संघर्ष अमर कंवर यांनी ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ या मांडणशिल्पात मांडला. हातकागदाच्या मोठ्या पुस्तकांवर चलच्चित्र पडतं आणि पान प्रेक्षकाने उलटायचं असतं. सोबत देशी भाताच्या अडीचशेहून अधिक वाणांचं बियाणं मांडलेलं असतं. पाहणाऱ्याचे हात कामाला लागतात, म्हणून त्याला घाईने पुढे सरकता येत नाही.

याउलट, पुष्कळ मांडणशिल्पांत माती नुसती पसरलेली असते. चार अवजारं, भिंतीवर विस्थापनाविषयी दोन परिच्छेद, आणि ती माती कोणत्या गावची हेही सांगितलेलं नसतं. काळी कसदार माती आणि कोकणातली जांभी यांत राबणाऱ्याच्या पायांना जो फरक कळतो, तो कलाकृतीत उतरला नाही तर माती केवळ सजावट ठरते.

खरी उणीव कलावंतांपेक्षा व्यवस्थेत अधिक आहे. चंद्रपूरच्या खाणीतून निघालेली कला व्हेनिस आणि मुंबईत पाहायला मिळते; विदर्भातल्या माणसाला ती सहज पाहता येईल अशी जागा नाही. मांडणशिल्प काही आठवड्यांत उतरवलं जातं आणि त्यावरचं लेखन बहुतेक इंग्रजीत होतं. कंवर यांनी आपलं काम २०१२ मध्ये जर्मनीतल्या ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात मांडलं, पण त्याच वर्षी ते भुवनेश्वरमध्येही खुलं केलं. ज्यांच्या जमिनीची ती गोष्ट, त्यांच्यापर्यंत ती पोचली. महाराष्ट्रातही हे अशक्य नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कलामहाविद्यालयांनी आपली सभागृहं अशा कामांसाठी उघडावीत, आणि मराठी नियतकालिकांनी त्यांची सविस्तर नोंद ठेवावी. ज्यांनी ती जमीन कसली आणि खणली, त्यांचा त्या कलाकृतींवर पहिला हक्क आहे.