कमी मार्क, परदेशातली पीएचडी आणि एक गाजलेली मार्गदर्शिका

परदेशात कम्प्युटर सायन्समधे पीएचडी करायचा विचार बोलून दाखवला, की कुणीतरी सीनियर तुम्हाला एक पीडीएफ पाठवतोच. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या (सीएमयू) प्राध्यापक मॉर हारखोल-बाल्टर यांनी लिहिलेली, अर्ज कसा करावा याची मार्गदर्शिका. सीएमयू, बर्कली आणि एमआयटी, तिन्हीकडच्या प्रवेशप्रक्रियेत त्यांनी काम केलंय, म्हणून ती वाचायची. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझा सीजीपीए ६.४ होता आणि मार्कशीटवर दोन केटी. आता पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला पुन्हा वाचली. तुमचेही मार्क कमी असतील, तर ती थोडी वेगळ्या नजरेने वाचा.

आधी जे पटतं ते. मार्कांबद्दल त्या सरळ सांगतात: ४ पैकी साधारण ३.५ असावेत, त्याच्या वर ओढाताण करण्यापेक्षा तो वेळ संशोधनाला द्या. ४ पैकी ४ असलेले, पण संशोधनाला हातच न लावलेले शेकडो अर्ज सीएमयूमधे मागे पडतात. उलट ३.५ च्या खालचे, पण संशोधन भक्कम असलेले विद्यार्थी घेतले गेलेत. ‘माझ्या विषयात चांगले मार्क मिळवले’ एवढंच सांगणाऱ्या शिफारसपत्राची किंमत त्यांच्या लेखी शून्य. आणि ते बरोबरच आहे. परीक्षेत प्रश्न दिलेला असतो आणि उत्तर कुणाला तरी माहीत असतं. पीएचडीत दोन्हीची खात्री नसते.

आता जे खटकतं ते. ‘संशोधन करा’ ही तिथल्या विद्यार्थ्यासाठी सूचना आहे, आपल्यासाठी कोडं. त्याची लॅब शेजारच्या इमारतीत असते. आपल्याकडे संलग्न कॉलेजात सिलॅबस विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, सर दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकलमधे अडकलेले आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट चौघांत मिळून. ज्याने तुम्हाला संशोधन करताना पाहिलं असा माणूस आणायचा कुठून? मार्गदर्शिकेचा वाचक मुळातच मोठ्या संशोधन विद्यापीठातला आहे, हे तिच्यात कुठे म्हटलेलं नाही, पण पानोपानी गृहीत धरलंय.

दुसरी उणीव: मार्क कमी आहेत ते सांगायचं कसं, यावर तिच्यात फारसं काही मिळत नाही. मी आपल्या मनाने सांगितलं. एसओपीचं अर्धं पान डेंग्यू, एम-थ्रीचा पेपर आणि रीचेकिंगची कहाणी. आठ अर्ज, आठ नकार. फी, जीआरई, टोफेल धरून घरचे जवळपास लाखभर रुपये गेले.

मग पुण्यात एका संशोधन संस्थेत दीड वर्ष प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम केलं. पगार बेताचा होता, पण रोज अडत होते आणि सर ते बघत होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या एसओपीतलं ते अर्धं पान खोडलं. म्हणाले, “मार्कांचं मी पत्रात लिहितो, तू कामाबद्दल लिही.” माझ्याकडून उरली दोनच वाक्यं: दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, त्याच गणितावर गेलं दीड वर्ष काम करतेय. सहा अर्ज, दोन होकार. आजारपण खरं होतं, पण ते मी सांगितलं की सबब वाटते, सरांनी सांगितलं की माहिती ठरते.

आकड्यांचं एक लक्षात ठेवा. आपल्याकडे ६०% म्हणजे फर्स्ट क्लास. सरळ त्रैराशिक मांडलं तर ४ पैकी २.४, म्हणजे अमेरिकेत काठावर. म्हणून फॉर्ममधे मूळ मोजमापातच मार्क मागितले असतील, तर स्वतः रूपांतर करू नका. काही ठिकाणी ३.० ची किमान अट असते. फी भरण्याआधी ऑफिसला ईमेल करून विचारा.

मार्गदर्शिका जरूर वाचा. पण फॉर्म उघडण्याआधी कागदावर तीन नावं लिहा: तुम्हाला एखाद्या प्रश्नावर अडलेलं आणि त्यातून वाट काढताना ज्यांनी पाहिलंय त्यांची. तीन भरत नसतील, तर यंदाचे फीचे पैसे वाचवा आणि आधी ती माणसं शोधा. माझं एक वर्ष हेच न कळल्यामुळे गेलं.