शरद, शिशिर आणि कातरवेळ : ऋतुविषादाच्या काव्यसंकेताविषयी

मराठी समीक्षेत ‘उदासी’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कवितेत पाने गळू लागली, उजेड ओसरू लागला, की समीक्षक त्या भावावस्थेचे मूळ एक तर कवीच्या प्रकृतिधर्मात शोधतो किंवा इंग्रजी रोमँटिक कवितेच्या संस्कारात. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत असे नाही. परंतु ऋतू आणि मनःस्थिती यांचे जे नाते कविता गृहीत धरते, ते मुळात कोणत्या आकाशाखाली जुळले आणि दुसऱ्या आकाशाखाली आल्यावर त्याचे काय झाले, हा प्रश्न त्यांत विचारलाच जात नाही. काव्यसंकेताला भूगोल असतो, एवढी साधी गोष्ट आपण विसरतो.

इंग्रजीतील ‘ऑटम’ मराठीत आणताना अनुवादकाची जी कुचंबणा होते, तिच्यापासून आरंभ करता येईल. पंचांगाप्रमाणे ‘ऑटम’ म्हणजे शरद : आश्विन-कार्तिक. पण संस्कृत परंपरेतला शरद हा निरभ्र आकाशाचा, निवळलेल्या पाण्याचा, चांदण्याचा ऋतू आहे. ‘ऋतुसंहारा’त तो नववधूच्या रूपाने अवतरतो. (वैद्यकाने त्याला पित्तप्रकोपाचा काळ मानले आहे, आणि ‘ऑक्टोबर हीट’ सोसणाऱ्याला वैद्यकाचे म्हणणे कवींच्या म्हणण्यापेक्षा अधिक पटावे, पण तो वेगळा विषय.) म्हणून अनुवादक शरद टाकून शिशिर उचलतो, कारण शिशिरात पाने गळतात. येथेच खरी गफलत होते. शिशिर म्हणजे माघ-फाल्गुन. तोवर दक्षिणायन संपलेले असते आणि दिनमान दिवसेंदिवस वाढत असते. उत्तर युरोपात पानगळ आणि काळोख ही घटत्या दिनमानाचीच दोन रूपे आहेत. झाड आणि माणूस एकाच वेळी एकाच गोष्टीला सामोरे जात असतात. आपल्याकडे साग-पळस पाने टाकतात ती मुख्यतः पाण्याच्या ओढीमुळे, उजेड वाढत असताना, आणि पळस तर पाने टाकून फुलायलाच लागतो. तेव्हा पानगळीला विषादाचे प्रतीक करणारी मराठी कविता एका अर्थाने अर्धेच रूपक आयात करते. पान येते, काळोख मागे राहतो.

खुद्द इंग्रजी कवितेतही हा ऋतू एकजिनसी नाही. कीट्सचे ‘टू ऑटम’ १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टरला लिहिले गेले. तेव्हा दिवस रात्रीहून अजून किंचित मोठाच होता, आणि ती कविता पक्वतेची, भरलेपणाची आहे. खरा काळोख येतो तो दोन महिन्यांनी. टॉमस हूडने १८४४ मध्ये नोव्हेंबरवर जी छोटी कविता लिहिली ती निव्वळ नकारांची यादी आहे, आणि महिन्याच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरच तिचा सारा खेळ उभा आहे. विनोदी म्हणून तिची उपेक्षा झाली. पण लंडनच्या हिवाळी तोंडावरचा अनुभव कीट्सपेक्षा तिच्यात अधिक नेमका आहे. आपल्या अभ्यासक्रमांनी कीट्स शिकवला, हूड शिकवला नाही. परिणामी ‘ऑटम’ आपल्याकडे आला तो धूसर, सुंदर आणि काहीसा निराधार होऊन.

हा अनुभव केवळ साहित्यिक नाही, असे वैद्यकाने अलीकडे सांगितले आहे. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शरदान्ती सुरू होऊन वसंतात ओसरणाऱ्या विषण्णतेचे वर्णन एक विकार म्हणून केले आणि प्रखर कृत्रिम प्रकाशाचा उपचार सुचवला. १९८७ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात या ऋतुबद्धतेला स्थान मिळाले. डोळ्यांवर पडणारा प्रकाश मेंदूतील कालगणनेच्या केंद्राला दिवस-रात्रीची खबर देतो, रात्री स्रवणारे मेलॅटोनिन त्या प्रकाशाने दबते. पाहण्याच्या नेहमीच्या पेशींहून वेगळ्या, स्वतःच प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलात आहेत, हे २००२ मध्ये निश्चित झाले. लंडनमध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेआठ तासांहून किंचित मोठा असतो. मुंबईत तो सुमारे अकरा तासांचा असतो. एवढ्या माहितीवर अनेकजण निष्कर्ष काढून मोकळे होतात : उत्तरेत काळोख, म्हणून विषाद, दक्षिणेत उजेड, म्हणून आनंद.

पण हा सरळ हिशेब वैद्यकातही जुळत नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आइसलंडमधील लोकांत हा विकार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लोकांच्या मानाने निम्म्याच्या आसपास आढळला, आणि रेक्याविकला तर सर्वांत लहान दिवस जेमतेम चार तासांचा! २०१६ मध्ये अमेरिकेतील चौतीस हजारांहून अधिक प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेल्या अभ्यासाला विषण्णतेचा ऋतूशी वा अक्षांशाशी म्हणण्यासारखा संबंध दिसला नाही. वाद मिटलेला नाही. प्रकाशोपचाराने बरे वाटणारी माणसे खरी आहेत आणि त्यांचे दुःखही खरे आहे. समीक्षेने यातून घ्यायचे ते एवढेच की ‘प्रकाश कमी झाला’ आणि ‘मन खिन्न झाले’ या दोन वाक्यांत आणखी काहीतरी उभे आहे.

ते काय, हे जपानी कवितेच्या इतिहासात सर्वांत स्वच्छ दिसते. ‘शिन्कोकिन्श्यू’ या १२०५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या राजाज्ञेच्या संकलनात जाकुरेन, साइग्यो आणि तेइका या तीन कवींच्या तीन कविता ओळीने येतात आणि तिन्हींचा शेवट ‘शरदातली संध्याकाळ’ या एकाच शब्दबंधाने होतो. पुढील शतकांत हा शब्दबंध म्हणजेच एकाकीपण, असे समीकरण होऊन बसले. पण आठव्या शतकातील ‘मान्योश्यू’ पाहावे, तर तेथे शरद हा प्रामुख्याने प्रीतीचा, फुलांचा, रंगलेल्या डोंगरांचा ऋतू आहे. राजकन्या नुकादा वसंत आणि शरद यांची तुलना करून शरदातील डोंगरांना कौल देते. नारा आणि क्योतो यांचे अक्षांश जवळजवळ एकच. सूर्य तोच, सर्वांत लहान दिवस सुमारे पावणेदहा तासांचा, तोही तोच. बदलले ते एवढेच की मधल्या काळात चिनी कवितेतील शरद-शोकाचा संकेत जपानी दरबारात रुजला, आणि ‘कोकिन्श्यू’पासून शरद आपोआप दुःखी झाला.

याचा अर्थ दुःख खोटे होते असा नव्हे. आपल्या साहित्यशास्त्राने येथे उपयोगी पडेल अशी एक भाषा तयार ठेवली आहे. ऋतू हा उद्दीपन विभाव : तो भाव निर्माण करत नाही, चेतवतो. शिवाय भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत ग्लानी, आलस्य, निद्रा, विषाद हे सारे विखरून आहेत. रोझेन्थालने नोंदवलेली लक्षणे, म्हणजे अतिझोप, जडपणा, निरुत्साह, या यादीत जवळजवळ तशीच सापडतात. परंतु व्यभिचारी भाव एका स्थायीला बांधलेले नसतात. तीच ग्लानी रतीच्या परिघात विरहाची होते, शोकाच्या परिघात करुणाची, आणि शेकोटीभोवती बसलेल्या गावात नुसत्या पेंगुळलेल्या सुखाची. घटता उजेड शरीराला बहुधा एवढेच देतो : एक अनिश्चित, अनामिक मंदपणा. त्याला कोणत्या स्थायीकडे वळवायचे, हे परंपरा ठरवते. मर्ढेकरांच्या ‘भावनानिष्ठ समतानता’ या संज्ञेलाही ही पुरवणी जोडावी लागेल. वस्तू आणि भाव यांची समतानता कवी साधतो खरी. पण ऋतूंच्या बाबतीत ती पुष्कळदा त्याच्या आधीच कोणीतरी साधून ठेवलेली असते.

मग आपल्या परंपरेने काय केले? तिने आपला काळोख अचूक ओळखला होता. आपल्याकडे उजेड हिरावला जातो तो हिवाळ्यात नव्हे, पावसाळ्यात; दिनमान मोठे असताना, ढगांमुळे. अमरकोशात ‘दुर्दिन’ या शब्दाचा अर्थ झाकोळलेला दिवस असा दिला आहे. वाईट दिवस म्हणजे अंधारून आलेला दिवस : एखाद्या भाषेच्या संवेदनस्वभावाबद्दल यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा? यक्षाचा विरह असह्य होतो तो आषाढात. हा संकेत ज्या आकाशाखाली जन्मला, त्याच आकाशाखाली वापरला गेला, म्हणून तो कितीही जुना झाला तरी पोकळ वाटत नाही.

मराठी आधुनिक कवितेने या संकेताशेजारी शिशिर आणून ठेवला. ‘शिशिरागम’ (१९३९) हे मर्ढेकरांच्या पहिल्याच संग्रहाचे नाव. इंग्लंडमध्ये काही काळ राहून आलेल्या कवीला हा ऋतू केवळ पुस्तकातून मिळाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्या संग्रहातील हळवेपण आणि मराठी शिशिराचा उजेड यांची गाठ पडत नाही, हेही खरे. महत्त्वाचे म्हणजे मर्ढेकरांनीच पुढे माघातल्या सकाळी उजळणारे मुंबईचे बंदर पाहिले. माघ म्हणजे शिशिरच. त्या कवितेत तो गळतीचा नाही, गर्भारपणाच्या तेजाचा आहे. ‘शिशिरागम’ ते यंत्रयुगाची कविता हा मर्ढेकरांचा प्रवास आपण शेकडो वेळा सांगितला. एकाच ऋतूला संकेताकडून प्रत्ययाकडे नेणारा हा दुसरा प्रवास मात्र फारसा कोणी मोजलेला नाही.

ग्रेस यांनी वेगळी वाट काढली. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) या संग्रहात विषादाचा आधार ऋतू नाही, प्रहर आहे. आमच्या मते हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नाही. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. लंडनला नोव्हेंबरअखेर तो पस्तीस-चाळीस मिनिटे रेंगाळतो. उत्तरेत जी घट तीन महिने चालते, ती येथे रोज, अर्ध्या तासाच्या आत, घाईघाईने घडते. मराठीने या घटकेसाठी केवढी शब्दसंपत्ती साठवली आहे : तिन्हीसांजा, दिवेलागण, कातरवेळ. आणि केवढे निषेध : या वेळी झोपू नये, केर काढू नये. ‘कातर’ हे विशेषण तर प्रहराचे नाहीच, मनाचे आहे. ग्रेस यांची दुर्बोधता, त्यांचे खासगी प्रतिमाविश्व यांवर आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे, आणि अनेकदा तेथे संध्याकाळ हे नुसते नेपथ्य उरते. तरीही उजेडाच्या ऱ्हासाचे दुःख त्यांनी या अक्षांशावर जेथे सापडते तेथेच शोधले. नागपूरला नोव्हेंबरअखेर सूर्य मुंबईच्या अर्धा तास आधी, साडेपाचच्या सुमारास मावळतो; त्यावरून कोणी नागपुरी संवेदनेचा सिद्धान्त मांडू नये, एवढीच विनंती.

आता या प्रश्नाला एक नवी बाजू आली आहे. लंडन, टोरांटो येथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तो संकेत प्रथमच शरीरासह भेटतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी कॅनडाच्या बहुतेक भागांत घड्याळे तासाने मागे जातात, आणि एका दिवसात संध्याकाळ दुपारला येऊन भिडते. त्या काळोखाला ‘शरद’ म्हणावे तर शब्दातून चांदणे सांडते. ‘शिशिर’ म्हणावे तर पंचांगात त्याला दोन-तीन महिने अवकाश असतो. रोजच्या बोलण्यात ही मंडळी सरळ ‘फॉल’ म्हणतात, आणि अनुवादकानेही लाज न बाळगता ‘नोव्हेंबर’ हाच शब्द ठेवावा असे आम्हांला वाटते. कवितेपुढचा पेच अधिक अवघड आहे. वीस मिनिटांत संपणाऱ्या घटकेसाठी घडवलेला ‘कातरवेळ’ हा शब्द लंडनच्या डिसेंबरात चार वाजायच्या आधीच लागू पडू लागतो, आणि तेथे लिहिणाऱ्या मराठी कवीला तो ताणून आठवडेच्या आठवडे पुरवावा लागतो.