इंटरप्रिटरची बांधणी आणि सुलभतेचा अर्थ

संगणकीय भाषेच्या इंटरप्रिटरचा विचार आपल्याकडे प्रायः वापराच्या अंगाने होतो. बांधणीच्या अंगाने क्वचितच. मुंबई विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात पायथन आहे. पवईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पानेही तिच्या प्रसारास मोठा हातभार लावला. तथापि हा इंटरप्रिटर मूळ संहितेपासून स्वतः बांधून पाहावा, अशी अपेक्षा विद्यार्थ्याकडून सहसा केली जात नाही. पायथनच्या सी भाषेतील इंटरप्रिटरच्या बांधणीत २०२२ व २०२३ साली ज्या सुधारणा झाल्या, त्यांतून साधलेली सुलभता कोणत्या प्रतीची आहे, हे तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पूर्वीची रीत अशी : प्रथम 'कॉन्फिगर' ही लिपी यंत्राची पाहणी करी आणि 'मेक' इंटरप्रिटरचा गाभा बांधी. त्यानंतर हा नवजात इंटरप्रिटर 'सेटअप.पाय' नावाचा कार्यक्रम चालवी. तो कार्यक्रम यंत्रावरील लायब्रऱ्यांचा स्वतंत्र शोध घेऊन उरलेली विस्तार-मॉड्यूले बांधी. म्हणजे एकाच यंत्राची पाहणी दोघांनी, दोन निरनिराळ्या रीतींनी करावयाची! ज्याचे बारसे अद्याप व्हावयाचे त्यालाच पाळणा बांधावयास लावण्यासारखा हा प्रकार होता. शिवाय एका यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी बांधणी करावयाची असल्यास अडचण दुणावे. कारण तेथे जन्मणारा इंटरप्रिटर बांधणाऱ्याच्या यंत्रावर चालूच शकत नाही.

२०२२ च्या ३.११ या आवृत्तीत बहुतेक मॉड्यूलांचा शोध कॉन्फिगरकडे आला; २०२३ च्या ३.१२ मध्ये 'सेटअप.पाय' बांधणीतून गेला आणि ज्यावर तो उभा होता ते 'डिस्ट्यूटिल्स'ही प्रमाण संग्रहातून वगळले गेले. या सुधारणेचे खरे श्रेय आज्ञांची संख्या घटण्यात नाही. आज्ञा पूर्वीही जवळजवळ तेवढ्याच होत्या. श्रेय आहे ते यंत्राविषयीचे ज्ञान एका ठिकाणी येण्यात. बांधणी फसल्यास कारण कोठे शोधावे, या प्रश्नास आता एकच उत्तर आहे.

परंतु येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला स्वावलंबनाविषयीचा. २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून भाषेचे व्याकरण वाचणारा पार्सर ज्या साधनाने निर्माण होतो ते साधन पायथनमध्येच लिहिलेले आहे. निर्माण झालेली सी संहिता मूळ संहितेबरोबरच दिली जात असल्यामुळे सामान्य बांधणाऱ्यास त्याची जाणीव होत नाही. पण व्याकरणात फेरफार करू इच्छिणाऱ्यास आधीचा पायथन लागतोच. परजातीय यंत्रासाठी बांधणी करणाऱ्यासही ३.११ पासून तयार पायथन हाताशी ठेवावा लागतो. हे परावलंबन नष्ट झालेले नाही, दृष्टीआड झाले आहे. केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात जो विश्वासाचा प्रश्न उपस्थित केला, तो येथेही उरतोच.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक गंभीर वाटतो. वांगणी आणि नेरळ यांच्यामधील शेलूहून कर्जत लोकलने मुंबईस ये-जा करणारा एखादा विद्यार्थी कल्पावा. त्याने महाविद्यालयात मूळ संहिता उतरवून घेतली आणि रात्री घरी आपल्या जुन्या लिनक्स यंत्रावर बांधणी केली. यंत्रावर ओपनएसएसएलच्या हेडर फाइली नाहीत. तरीही बांधणी थांबत नाही. इंटरप्रिटर तयार होतो आणि चालतोही. पुढे 'पिप'ने एखादे पॅकेज मागविताच सुरक्षित जोडणीचे मॉड्यूलच नसल्याचे त्यास कळते. ही उणीव नव्या रीतीत कॉन्फिगर आरंभीच नोंदवितो, आणि मेकही अखेरीस न बांधलेल्या मॉड्यूलांची यादी देतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु शेकडो ओळींत बुडालेली नोंद म्हणजे सूचना नव्हे. काही मॉड्यूले ऐच्छिक ठेवण्यामागे लहान यंत्रांची सोय आहे. मात्र अभाव आणि निवड यांतील भेद बांधणाऱ्यास स्पष्ट दिसला पाहिजे.

या संदर्भात ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेल्या लुआ भाषेचा दाखला नेहमी दिला जातो. तिचा इंटरप्रिटर सुमारे ३० हजार ओळींच्या सी संहितेत सामावतो आणि त्यास सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीपलीकडे फारसे काही लागत नाही. तथापि ती सुलभता आकांक्षा मर्यादित ठेवून मिळविलेली आहे. पायथनचा विस्तृत संग्रह हवा असेल, तर तेवढ्या साधेपणाची अपेक्षा धरणे न्याय्य नव्हे.

तात्पर्य, बांधणीची सुलभता आज्ञांच्या संख्येवरून मोजू नये; काय बांधले गेले, काय राहिले आणि का राहिले, हे बांधणाऱ्यास किती सहज सांगता येते, यावरून मोजावी. या कसोटीवर उपर्युक्त सुधारणा निश्चित पुढचे पाऊल आहे, परंतु अखेरचे नव्हे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एकदा तरी इंटरप्रिटर स्वतः बांधावा आणि न बांधल्या गेलेल्या प्रत्येक मॉड्यूलाचे कारण लिहून द्यावे, असे प्रात्यक्षिक विभागाने अवश्य ठेवावे. ज्या साधनावर आपण विचार करावयास शिकतो, त्याची घडण ठाऊक नसणे हे अभ्यासकास शोभणारे नाही.