जनावरांची विषबाधा आणि आमची शास्त्रीय मराठी

जनावरांस होणाऱ्या विषबाधेविषयीचे चार पानी पत्रक हा वाङ्मयसमालोचनाचा विषय नव्हे, असे कित्येक वाचकांस वाटेल. गेल्या चैत्रापर्यंत आम्हांसही तसेच वाटत होते. जोतिबाचे दर्शन घेऊन डोंगर उतरत असता पायथ्याच्या एका वस्तीवर आम्ही पाण्यासाठी थांबलो. गोठ्यात एक दावे रिकामे होते. वळवाच्या सरीने शाळूच्या धसकटांस फुटवे आले होते; त्यांत गाय शिरली आणि घटकाभरात गेली. धन्याने आढ्याला खोचलेले पत्रक काढून आमच्या हाती दिले व म्हणाला, "गुरुजी, कागद चांगला हाय. पण जनावर कवा सोडू नये, ते ह्यात कुठं लिवलंय?"

आम्ही ते तेथेच बसून वाचले. त्यास हवे असलेले वाक्य होते, पण तिसऱ्या पानाच्या तळाशी. प्रारंभ लॅटिन नावांच्या यादीने. मागोमाग 'सायनोजेनिक ग्लायकोसाइड'. शास्त्राची चूक आम्हांस एकही आढळली नाही. चूक आहे ती रचनेची, आणि रचना हा तर आमच्याच धंद्याचा विषय. कोणती गोष्ट कोणास आधी सांगावी, याचा विचार लेखकाने केलेला दिसत नाही.

मौज अशी की, या विषाचे शास्त्रीय नाव मुळात शेतकऱ्याच्याच तोंडचे आहे. डन्स्टन आणि हेन्री या दोघा रसायनज्ञांनी १९०२ साली कोवळ्या ज्वारीतून ते वेगळे काढले आणि ज्वारीस अरबीत असलेल्या 'धुर्रा' या नावावरून त्यास 'धुरिन' म्हटले. आमच्या बोलीत 'किराळ लागली' असा नेमका शब्दप्रयोग असता पत्रकात तो एकदाही येऊ नये, याला काय म्हणावे?

वस्तुतः सांगावयाचे ते फारसे अवघड नाही. कोवळ्या पोंग्यात धुरिन आणि त्यास फोडणारे द्रव्य निरनिराळ्या पेशींत असतात. जनावराने चावताच दोन्ही एकत्र येतात व हायड्रोसायनिक आम्ल सुटते. ते पेशींस प्राणवायू वापरू देत नाही. रक्त लालभडक असूनही जनावर गुदमरते. गाईच्या पोटातील सूक्ष्म जंतूही धुरिन फोडतात, म्हणून घोड्यापेक्षा गाय लवकर बळी पडते. रोप लहान असता, पाण्यावाचून कोमेजले असता किंवा कापणीनंतर पुन्हा फुटले असता विष अधिक. फुलोऱ्यानंतर ते पुष्कळ उतरते. नीट वाळलेल्या कडब्याची फारशी भीती नाही. हे सर्व पत्रकात आहे, परंतु चार ठिकाणी विखुरलेले.

बोलीच्या शब्दाची भलामण करताना एक कबुलीही दिली पाहिजे. 'किराळ' या शब्दास कारण ठाऊक आहे, उपाय ठाऊक नाही. पशुवैद्याने सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिल्यास जनावर वाचू शकते. पण हाती असतात ती मिनिटे, आणि कित्येकदा ती दृष्ट काढण्यात जातात. वैद्यास बोलावण्याची सूचना पत्रकात आहे, 'त्वरित' हा शब्द मात्र नाही.

घाणेरीचे कलम त्या मानाने बरेच सरस उतरले आहे. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून शोभेसाठी आणलेले हे झुडूप आता माळरानांत मातले आहे. त्याच्या पाल्याने यकृत बिघडते व पित्त अडते. मग चाऱ्यातील हरितद्रव्यापासून पोटात बनणारे एक रंगद्रव्य बाहेर न पडता कातडीत साचते आणि जनावर उन्हात भाजून निघते. येथे लेखकाने 'अंगावरील पांढऱ्या ठिकाणची कातडी आधी सोलते' असे लिहिले आहे. आमच्या यजमानाने हे वाक्य वाचून दाखविताच मान डोलविली. असा एक बैल त्याने पाहिला होता. 'प्रकाशसंवेदनशीलता' हा शब्द त्याआधी न येता नंतर आला असता, तर कोणाचेही अडले नसते.

दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा तिसऱ्या पानावरील ते वाक्य पहिल्या पानावर, मोठ्या टायपात यावे. लॅटिन नावे मागे गेली तरी चालतील.