तार सावरते, तडा नाही

विल्यम जॉन्सन यांचा १८७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात आलेला निबंध वर्गात आवर्जून सांगावा असा आहे. हायड्रोजन व आम्ले यांचा लोखंड-पोलादावर होणारा परिणाम हा त्याचा विषय. काही मिनिटे आम्लात बुडवलेली तार वाकवताच तुटते; तुटलेली जागा ओली केली की बुडबुडे येतात; नुसती ठेवून दिली, तर तारेचा चिवटपणा हळूहळू परत येतो. ज्या आम्लातून हायड्रोजन सुटतो त्यानेच हे घडते, हेही त्यांनी तपासले. इतक्या साध्या साधनांनी नेमके कारण पकडणारे निबंध थोडेच.

परिणाम तात्पुरता असतो, या निष्कर्षावर मात्र थांबून चालत नाही. आमच्या विद्यार्थिदशेत हा धडा तिथेच संपत असे.

तार एकदाच वाकवली, तर ते खरे आहे. पण आगगाडीचा आस किंवा वायूची टाकी यांवर ताण पुन्हा पुन्हा येतो आणि जातो. एरवी सहज पेलणारा ताणही लाखो वेळा आला, की तडा पडून थोडाथोडा पुढे सरकतो. हा धातूचा थकवा. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर याचे प्रयोग जॉन्सन यांच्या आधीच केले होते. पण निबंधात या दोन प्रश्नांची गाठ पडत नाही.

ती पडली की चित्र बदलते. हायड्रोजनचे इवलेसे अणू तड्याच्या ताणलेल्या टोकाशी गोळा होतात. उच्च दाबाच्या हायड्रोजनमध्ये अनेक पोलादांतला तडा दर आवर्तनात हवेतल्यापेक्षा दहापट किंवा अधिक सरकू शकतो. ताण सावकाश बदलला, तर अणूंना टोकाशी पोचायला वेळ मिळतो आणि प्रत्येक आवर्तनात होणारे नुकसान वाढते. हायड्रोजन लोहाच्या अणूंमधले बंध सैल करतो, की तिथले पोलाद सहज घसरू देतो, हा वाद अजून मिटलेला नाही.

मुलामा दिलेले मजबूत बोल्ट सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात, ते आतला हायड्रोजन घालवण्यासाठी. हायड्रोजन निघून जातो. पुढे सरकलेला तडा मात्र मागे येत नाही. भारताने २०२३ साली हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. हायड्रोजनची टाकी भरली आणि रिकामी केली, की एक आवर्तन झाले. अशा वेळी ‘पोलाद सावरते’ एवढेच शिकवणे धोक्याचे आहे.

जॉन्सन यांचे उत्तर चुकीचे नाही. त्यांचा प्रश्न अपुरा होता. तार एकदाच वाकवण्याऐवजी काय करून पाहायला हवे होते, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.