कोणतं संकट, कोणाच्या डोक्यावर?

तुम्ही आल्प्समध्ये फिरायला गेला असाल, तर झाडाच्या बुंध्यावर स्प्रेने मारलेली रंगीत खूण पाहिली असेल. पायवाट दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या. ही खूण म्हणजे बहुतेकदा ‘हे झाड तोडायचं आहे’ असा निरोप असतो.

पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी मी एका फॉरेस्टरबरोबर अशाच एका उतारावर गेले होते. खाली गाव, गावाच्या मागे लगेच जंगल. उतार इतका उभा, की झाडं नसती तर हिवाळ्यात त्यावर साठलेला बर्फ कधीही गावावर आला असता. त्याने पहिली खूण केली ती एका धडधाकट, कवेत न मावणाऱ्या स्प्रूसवर. मी म्हटलं, अहो, हेच झाड तर गावाला वाचवतंय ना? तो म्हणाला, आज वाचवतंय. पण याच्या सावलीत खालची रोपं वाढत नाहीत. हे असंच ठेवलं तर पन्नास वर्षांनी इथे फक्त म्हातारी झाडं असतील, आणि एखाद्या वादळात ती सगळी एकदम आडवी होतील.

‘झाडे लावा, झाडे जगवा’ हे भिंतींवर वाचत मोठं झालेल्या कुणालाही हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला. त्या दिवशी त्याच्या हातात एक फॉर्म होता. तो फॉर्म ज्या पुस्तकातून आला, त्या पुस्तकाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. मी ते खूप वापरलंय, त्यातून खूप शिकलेय आणि आता त्याच्याशी माझं थोडं भांडणही आहे.

पुस्तक काय सांगतं

स्वित्झर्लंडच्या पर्यावरण खात्याने २००५ साली ही मार्गदर्शिका काढली. तिच्या जर्मन नावाचा अर्थ साधारण ‘संरक्षक जंगलातील शाश्वतता आणि परिणामांची तपासणी’ असा होतो. आद्याक्षरं जोडली की होतं ‘नाइस’, आणि सगळे तिला त्याच नावाने ओळखतात. स्वित्झर्लंडच्या जमिनीपैकी साधारण एक तृतीयांशावर जंगल आहे, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं जंगल लोकांना, घरांना, रस्त्यांना नैसर्गिक संकटांपासून वाचवतं, असं तिथल्या सरकारचं म्हणणं आहे. म्हणजे हे पुस्तक एखाद्या छोट्या प्रयोगाचं नाही, अर्ध्या देशाच्या जंगलाचं आहे.

पुस्तकाची सगळ्यात मोठी ताकद त्याच्या प्रश्नांच्या क्रमात आहे. पहिला प्रश्न झाडांचा नाही. पहिला प्रश्न: या उतारावर संकट कोणतं? दुसरा: खाली कोण आहे? खाली कुणीच नसेल, तर ते जंगल कितीही सुंदर असलं तरी ‘संरक्षक’ ठरत नाही. त्यानंतर माती, उंची, ओलावा बघून जागेचा प्रकार ठरवायचा. आणि मग झाडांकडे वळायचं.

संकट आधी विचारायचं, कारण प्रत्येक संकटाला वेगळं जंगल लागतं. हिमस्खलन रोखायचं तर बारमाही हिरवी झाडं हवीत. फांद्यांवर अडकलेला बर्फ गोळ्यागोळ्यांनी खाली पडतो, त्यामुळे जमिनीवर सलग, एकसारखा थर बसत नाही आणि घसरायला सोपी अशी अखंड पातळी तयार होत नाही. इथे धोका असतो तो मोकळ्या पट्ट्यांचा. उतार जितका उभा, तितकी परवानगी कमी: ३५ अंशांवर उताराच्या दिशेने मोकळी जागा ५० मीटरच्या आत, ४५ अंशांवर ३० मीटरच्या आत. वरून दगड येत असतील तर हिशोब बदलतो. तिथे मोजक्या अजस्र झाडांपेक्षा पुष्कळ खोडं कामाला येतात, कारण दगड एकेका खोडावर आपटत आपला वेग घालवतो. मातीचा वरचा थर सरकत असेल तर मुळं ती बांधून ठेवतात आणि झाडं जमिनीतलं पाणी ओढून घेतात, पण साधारण मीटर-दोन मीटर खोलीपर्यंतच. घसरण त्याखाली होणार असेल, तर वरचं जंगल घसरणीबरोबर प्रवास करतं. आणि ओढ्याच्या काठावरचं जड, कलतं झाड तर पुरात वाहत जाऊन खालच्या पुलाला तुंबा घालू शकतं. तिथे ते काढणंच शहाणपणाचं.

यानंतर फॉर्ममध्ये तीन गोष्टी भरायच्या: जंगल आज कसं आहे, काहीच केलं नाही तर दहा वर्षांनी कसं असेल, आणि पन्नास वर्षांनी कसं असेल. ते एका ठरलेल्या किमान पातळीखाली जाणार असेल आणि परवडेल असा उपाय असेल, तरच हस्तक्षेप करायचा. नाहीतर हात लावायचा नाही. आणि उताराचा एक तुकडा खूण करून ठेवायचा, काही वर्षांनी पुन्हा येऊन आपला अंदाज बरोबर निघाला का, हे बघायला.

हा शहाणपणा कुठून आला

‘स्विस लोक मुळातच शिस्तीचे’ हे उत्तर मला मान्य नाही. इतिहास बराच ओबडधोबड आहे. आंदरमाट गावाच्या वरचं जंगल लोकांनी १३९७ साली ‘बंदी’खाली आणलं: कुणीही झाड तोडायचं नाही. शिलरच्या १८०४ सालच्या ‘विल्हेल्म टेल’ नाटकात छोटा मुलगा बापाला विचारतो, की डोंगरावरच्या झाडांवर कुऱ्हाड घातली तर त्यांतून रक्त येतं हे खरं का. आपल्या देवराईतल्या गोष्टी ऐकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

पण बंदी सगळीकडे नव्हती, आणि एकोणिसाव्या शतकात स्विस डोंगर बऱ्याच ठिकाणी उघडेबोडके झाले होते. १८६८ च्या मोठ्या पुरानंतर देश हादरला आणि १८७६ साली डोंगराळ भागातल्या जंगलांसाठी केंद्रीय कायदा आला. पुढे बंदीची दुसरी बाजूही कळली: न तोडलेलं जंगल एकाच वयाचं होऊन एकत्र म्हातारं होऊ शकतं. १९९० साली ‘व्हिव्हियन’ आणि १९९९ च्या २६ डिसेंबरला ‘लोथर’ ही वादळं आली. एकट्या लोथरने स्वित्झर्लंडमध्ये सुमारे १.३ कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं. ‘नाइस’ लिहिली गेली ती या अनुभवांनंतर.

माझं भांडण

पहिला आक्षेप हवामानाचा. ‘किमान पातळी’ ठरवताना पुस्तक विचारतं, की या उंचीवर, या मातीत कोणतं जंगल स्वाभाविक आहे. हे ‘स्वाभाविक’ काल-परवाच्या हवामानातलं आहे. स्विस संशोधनाचाच अंदाज असा, की या शतकाच्या अखेरपर्यंत वनस्पतींचे पट्टे ५०० ते ७०० मीटर वर सरकतील. मग आज ज्या उतारावर स्प्रूस ‘बरोबर’ आहे, तिथे पन्नास वर्षांनी तो उन्हाळ्यातल्या कोरडेपणाने आणि खोडकिड्यांनी खंगलेला असेल. फॉर्ममधला पन्नास वर्षांचा रकाना भरताना कोणतं हवामान धरायचं, याचं उत्तर मूळ पुस्तकात पुरेसं नाही. यावर नंतर बरंच काम झालंय हे खरं. पण फील्डवर अजून पुष्कळ जण तो रकाना सवयीने भरतात. मीही भरलाय.

शिवाय नवी झाडं यायची तर ती हरणांच्या तोंडातून वाचायला हवीत. खोल मुळांचा सिल्व्हर फर डोंगरासाठी फार उपयोगाचा, आणि हरणांना नेमकी त्याचीच कोवळी शेंडी आवडते. म्हणजे गावाची सुरक्षितता शिकारीच्या कोट्यावर आणि लांडग्यावरून चाललेल्या राजकारणावरही अवलंबून आहे. पुस्तकात याची नोंद आहे, पण फॉरेस्टरच्या हातात त्याचा उपाय नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. जे स्विस लोकांना हवेसारखं सहज मिळालंय, त्याबद्दल पुस्तक गप्प आहे. जंगलाचा मालक कोण हे ठाऊक आहे (बहुतेक जंगल गावांचं किंवा सार्वजनिक मालकीचं). त्या भागाला नेमलेला फॉरेस्टर आहे आणि तो वर्षानुवर्षं तिथेच आहे. केंद्र, कॅंटन आणि स्थानिक पातळीवरून पैसा येतो. हे सगळं गृहीत धरूनच फॉर्म सुरू होतो. आपण संशोधक तो फॉर्म उचलतो, त्यातले मीटर आणि टक्के दुसऱ्या देशाच्या प्रपोजलमध्ये टाकतो आणि खाली ‘रेझिलियन्स’ लिहितो. कोणाचा रेझिलियन्स? हा शब्द इतका गुळगुळीत आहे की त्याला कर्ता लागतच नाही.

तिसरी गोष्ट पुस्तकाची चूक नाही, त्याची मर्यादा आहे. २८ मे २०२५ ला लोशेनटालमधलं ब्लाटेन गाव खडक आणि हिमनदीच्या लोंढ्याखाली गाडलं गेलं. तिथे कोणतंही जंगल पुरलं नसतं. साधारण ३०० गावकरी बचावले, कारण डोंगरावर नजर होती आणि नऊ दिवस आधी गाव रिकामं केलं होतं. जंगल हा बंदोबस्ताचा एक भाग आहे. तो सगळा बंदोबस्त आहे असं समजणं धोक्याचं.

आणि सह्याद्री

इथवर वाचताना तुमच्या मनात माळीण आलंच असेल. ३० जुलै २०१४, १५१ माणसं. मग २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये, ऐंशीहून जास्त. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी: २७ मृतदेह सापडले, ५७ जण मिळालेच नाहीत आणि शोध थांबवावा लागला.

प्रत्येक वेळी आपल्या फॅमिली ग्रुपवर तेच वाक्य येतं: ‘झाडं तोडली की असंच होणार.’ माळीणच्या वेळी वृक्षतोडीबरोबर पडकईसाठी झालेलं सपाटीकरण, डिंभे धरण अशा बऱ्याच गोष्टींकडे बोटं दाखवली गेली. पण इर्शाळवाडीच्या भोवती तर रान होतं. सह्याद्रीत बेसॉल्टवर झिजून तयार झालेला मातीचा जाड थर असतो आणि पाऊस दिवसाला शेकडो मिलिमीटर पडू शकतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पडला. एवढं पाणी मुरल्यावर घसरण मुळांच्या खाली सुरू झाली, तर वर जंगल असूनही डोंगर येतो. जंगल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. उथळ घसरणीत, ओढ्यांच्या माथ्याला, मातीची धूप थांबवायला ते लाखमोलाचं आहे. पण कुठे, ते आधी विचारावं लागतं.

२०१९ साली महाराष्ट्र सरकारने ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. हा आकडा ‘नाइस’च्या फॉर्ममध्ये भरायचा म्हटला तर रकानाच सापडत नाही. तिथे ‘किती लावली’ हा प्रश्नच नाही.

पण म्हणून स्विस फॉर्म जसाच्या तसा सह्याद्रीत न्यावा का? नाही. तिथला दुसरा प्रश्न, ‘खाली कोण आहे’, आपल्याकडे अडतो. आल्प्समध्ये गाव खाली आणि जंगल वर अशी रेघ बऱ्यापैकी स्पष्ट असते. आपल्याकडे ठाकर, कातकरी, महादेव कोळी वाड्या उतारावरच, रानातच असतात. कित्येकांच्या नावावर पायाखालची जमीन नसते. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतच नव्हती. ज्यांचं नाव कागदावर नाही, त्यांच्यासाठी कोणतं जंगल ‘संरक्षक’ ठरवणार? म्हणून आपल्याकडे पहिलं काम वनशास्त्राचं नाही. वाड्यांची यादी, उतारांचा नकाशा, पाऊस मोजायचं यंत्र, रात्री निरोप पोचेल अशी व्यवस्था, आणि त्या रानावर वाडीचा हक्क, हे आधी. नाहीतर कुठल्या तरी संरक्षक जंगलाच्या नावाखाली त्याच लोकांना तिथून उठवलं जाईल, आणि पेपरमध्ये त्याची नोंद ‘यशस्वी’ म्हणून होईल.

ही भीती मला माझ्याच क्षेत्राबद्दल वाटते. तुमच्यापैकी कितीतरी जण इंजिनिअरिंग, डेटा, पब्लिक पॉलिसी असं काही ना काही करताय. कधीतरी घरच्या एखाद्या प्रकल्पासाठी तुम्हाला विचारलं जाईल: ‘तिकडे कसं करतात, जरा सांग ना.’ तेव्हा तिकडचे मीटर सांगू नका, तिकडचे प्रश्न सांगा, त्याच क्रमाने. संकट कोणतं? खाली, वर, मध्ये कोण राहतं? जमीन कोणाच्या नावावर आहे? काही केलं नाही तर दहा आणि पन्नास वर्षांनी काय होईल, आणि ते कोणत्या पावसात? आणि बघायला परत कोण येणार?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी गळतो. या पावसाळ्यात वृक्षारोपणाचा फोटो ग्रुपवर आला, की अंगठा दाखवण्याआधी एवढंच विचारून बघा: पुढची तपासणी कधी, आणि कोण करणार?