तिर्यक्‌पात्र आणि करुण : ‘उंबेर्तो डी.’च्या निमित्ताने

माणूस आणि प्राणी यांच्या सख्यावर उभे असलेले चित्रपट आपल्याकडील समीक्षेने फारसे मनावर घेतलेले नाहीत. ते प्रेक्षकाला रडवतात आणि प्रेक्षक रडला की त्यांचे प्रयोजन संपते, असे सरसकट गृहीत धरले जाते. अश्रू हे आस्वादाचे गमक मानावे की आस्वादातील विघ्न, हा करुणरसाच्या चर्चेतील जुनाच प्रश्न आहे. मात्र येथे तो अधिक बिकट होतो. ज्याच्याविषयी शोक करावयाचा ते पात्र बोलत नाही, आणि त्यामुळे त्याच्या मुखी आपल्याला हवे ते घालण्याची मोकळीक दिग्दर्शकालाही मिळते व प्रेक्षकालाही.

संस्कृत साहित्यशास्त्राची या बाबतीतील भूमिका एकसारखी नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त पशुपक्ष्यांच्या ठायी असलेल्या शृंगाराला अनौचित्यामुळे रसाभास ठरविले. उलट भयानक रसाचा आस्वाद कसा होतो हे सांगताना अभिनवगुप्ताला ‘शाकुंतला’तील दुष्यंताच्या बाणापुढे धावणारे हरिणच आठवते. आनंदवर्धनाने तर काव्याच्या मुळाशी क्रौंचवियोगातून उद्भवलेला शोकच पाहिला. हा विरोध वरवरचा नसावा. रतीला औचित्य, कुल, मर्यादा यांचा सामाजिक संदर्भ लागतो आणि तो तिर्यक्‌पात्राजवळ नसतो. भयाला त्याची गरज नाही. ते हरिण कोणाचेही नसते, आपल्या मित्राचेही नाही आणि शत्रूचेही नाही, म्हणून त्याचे भय देशकालाच्या बंधनातून सुटून केवळ भय म्हणून प्रतीत होते. साधारणीकरणाच्या दृष्टीने तिर्यक्‌पात्र ही उणीव नसून सोय आहे, असा याचा अर्थ घेता येईल. (अभिनवगुप्ताने हे याच शब्दांत म्हटलेले नाही, त्याच्या उदाहरणातून निघणारी ही दिशा आहे.)

व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘उंबेर्तो डी.’ (१९५२) या दिशेने पाहण्याजोगा आहे. चेझारे झावात्तीनी यांनी लिहिलेल्या या चित्रपटाची कथा दोन वाक्यांत सांगून होते. रोममधील एका निवृत्त सरकारी नोकराला तुटपुंज्या निवृत्तिवेतनात खोलीचे भाडे देता येत नाही आणि घरमालकीण त्याला बाहेर काढू पाहते. त्याच्याजवळ उरला आहे तो फ्लाइक नावाचा लहानसा कुत्रा. प्रमुख भूमिका करणारे कार्लो बात्तिस्ती हे नट नव्हते, फ्लॉरेन्स येथील भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. कुत्र्याला अभिनय येत नाही, तसा तो या गृहस्थांनाही सरावाचा नव्हता. पडद्यावर दोघे एकाच पातळीवर वावरतात, त्याचे एक कारण हे असावे.

चित्रपटातील पूर्वार्धाची करुणा अद्याप परिचित जातीची आहे. म्हातारा भीक मागण्यासाठी हात पुढे करतो आणि कोणी नाणे टाकणार तोच पाऊस पडतो की काय हे पाहत असल्यासारखा तळवा उलटा करतो. मग तो फ्लाइकच्या तोंडी टोपी देऊन त्याला मागच्या पायांवर उभे करतो आणि स्वतः आडोशाला राहतो. आपली लाज त्याने कुत्र्याच्या स्वाधीन केली आहे. येथवर प्राणी हा माणसाच्या दुःखाचा उद्दीपन-विभाव आहे. त्याच्याकडे पाहून आपल्याला दया येते ती म्हाताऱ्याची.

रेल्वेफाटकाच्या प्रसंगात ही मांडणीच उलटते. फ्लाइकला दुसऱ्या कोणाच्या हाती सोपविण्याचे प्रयत्न फसल्यावर उंबेर्तो त्याला छातीशी धरून येणाऱ्या गाडीसमोर जातो. कुत्रा कण्हतो, धडपडतो आणि हातांतून निसटतो. म्हातारा मागे सरतो, गाडी निघून जाते. येथे सामान्य चित्रपट थांबला असता, कारण ‘मुक्या जिवाने धन्याला वाचविले’ एवढे सांगून झाले होते. दे सिका पुढे जातात. फ्लाइक आता धन्याला भितो. हाक मारली तरी जवळ येत नाही. त्याच्या भयाचा आलंबन-विभाव दुसरा कोणी नाही, ज्याच्याशी आपण आतापर्यंत तादात्म्य साधले तो सज्जन म्हाताराच आहे. प्रेक्षकाला त्या क्षणी आपली जागा सोडावी लागते आणि जमिनीलगतच्या त्या लहान देहाच्या बाजूने पाहावे लागते. अभिनवगुप्ताच्या हरिणापाठोपाठ आपण राजाच्या रथात बसलो आहोत, हे एकाएकी ध्यानात यावे तसे हे आहे.

अशा चित्रपटांत वारंवार आढळणारी ‘पुन्हा एकदा संधी’ बहुधा कथानकाकडून मिळते: आजारी माणूस बरा होतो, हरवलेला प्राणी सापडतो. येथे ती प्राण्याच्या हाती आहे आणि तो ती राखून ठेवतो. उंबेर्तोला पाइनचे बोंड उचलून, ते नाचवून, त्याची मनधरणी करावी लागते. आयुष्यभर कचेरीची शिस्त पाळलेला माणूस उद्यानात कुत्र्याशी खेळतो, कारण विश्वास परत मिळविण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाही.

‘हाचिको मोनोगातारी’ (१९८७) आणि त्याचे अमेरिकी रूप ‘हाची : अ डॉग्ज टेल’ (२००९) यांची गोष्ट वेगळी. १९२५ मध्ये वारलेल्या धन्याची शिबुया स्थानकावर १९३५ पर्यंत वाट पाहणारा कुत्रा खरोखर होता, त्याच्या हयातीतच १९३४ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. चित्रपटांनाही पुतळ्यापलीकडे जाता आलेले नाही. निष्ठा हा एकच अर्थ ठरून गेल्यावर प्राण्याला काही नाकारण्याची मुभा राहत नाही. कन्नडमधील ‘७७७ चार्ली’ (२०२२) याहून प्रामाणिक वाटतो, कारण कुत्रीचा कर्करोग हा सदोष पैदाशीच्या धंद्याशी जोडून तो माणसाचा अपराध पुढे आणतो. पण शेवटी तीही नायकाचा एकाकीपणा दूर करून, मागे पिल्लू ठेवून जाते. तिचे मरणही त्याच्या कामी येते.

आक्षेप असा येईल की ‘उंबेर्तो डी.’चा शेवटही गोडच आहे. शासनात असलेल्या जूलिओ आंद्रेओत्ती यांनी १९५२ मध्ये दे सिकांना जाहीर पत्र लिहून देशाचे असे चित्र जगापुढे मांडल्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती आणि अधिक निकोप आशावादाची अपेक्षा केली होती. म्हणजे निदान त्यांना तरी हा शेवट पुरेसा गोड वाटला नव्हता. भाड्याचा प्रश्न सुटलेला नाही, खोली गेलेली आहे, रात्री झोपायचे कोठे हे ठरलेले नाही. झाडांच्या रांगेमधून म्हातारा आणि कुत्रा खेळत दूर जातात, आणि मोकळ्या झालेल्या वाटेवर काही मुले धावत येतात, ज्यांना या दोघांविषयी काहीही ठाऊक नाही.